ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या संस्थेने फाउंडेशनचं अनुदान कसं मिळवावं

प्रस्ताव लिहायला बसण्याआधी संस्थेची फाइल काढा. लहान संस्थांचे बरेच अर्ज पहिल्याच चाळणीत गळतात, आणि त्याचं कारण कामातली खोट नसतं. कागद एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच असतं.

पहिला कागद म्हणजे परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची नक्कल. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेली असेल, तर विश्वस्तांची नावं त्यावर असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाकायचा असतो आणि नेमकं तेच राहून जातं. उताऱ्यावर वारलेले अध्यक्ष, बँकेत सही त्यांच्या मुलाची आणि लेटरहेडवर तिसरंच नाव, अशी फाइल पाहिल्यावर कोणताही दाता पुढचं पान उलटत नाही. हे दुरुस्त व्हायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात इथूनच करा.

बाकीचे कागद झटपट सांगतो: तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, संस्थेचा पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, आणि आयकर खात्याची बारा ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) व ऐंशी जीची (देणगीदाराला करसवलत) नोंदणी. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तरी दात्यांच्या ऑफिसात तोंडी जुनीच नावं चालतात. नोंदणीची मुदत कधी संपते ती तारीख मात्र भिंतीवर लिहून ठेवा. पूर्वीसारखी ती आता कायमची नसते.

आता मागायचं कोणाकडे? इथे सगळ्यात जास्त श्रम वाया जातात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांच्या पाट्या वाचत जाणाऱ्याला वाटतं, प्रत्येकाकडे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्चायचा, पैसा आहे. तसं नसतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यापैकी एक तरी रेषा ओलांडणाऱ्या कंपनीलाच ही सक्ती आहे. अशा कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्चायची असते. वागळे इस्टेटमधला गाळेवाला कारखानदार बहुधा यात बसत नाही. त्याच्याकडे सीएसआरचा प्रस्ताव नेऊ नका, साधी देणगी मागा. ऐंशी जीची पावती पुढे करण्याआधी तो कोणत्या करप्रणालीत आहे ते विचारा, कारण नव्या प्रणालीत ती सवलत मिळत नाही.

सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्थेने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घ्यायला हवा. १ एप्रिल २०२१ पासून तो बंधनकारक आहे. शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. संस्था कालच सुरू झाली असेल तर कंपन्यांचे उंबरे झिजवण्यात अर्थ नाही. गावातला रोटरी किंवा लायन्स क्लब, एखादा कौटुंबिक ट्रस्ट आणि ओळखीचे देणगीदार, यांच्या बळावर ती तीन वर्षं काढावी लागतात. परदेशी पैशाचं नाव तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, परवानगी असल्याशिवाय काढूच नका.

टाटा ट्रस्ट्स किंवा अझीम प्रेमजी फाउंडेशनसारखे मोठे दाते आपले विषय आधीच ठरवून बसलेले असतात. त्यांच्या विषयात आपलं काम ओढूनताणून बसवलेलं लगेच दिसतं. माझं मत विचाराल, तर वर्षाला आठ-दहा लाख खर्चणाऱ्या संस्थेने आधी शेजारची कंपनी शोधावी. जिथे कारखाना आहे त्या स्थानिक भागाला पसंती द्यावी, असं कलम १३५ मध्येच लिहिलेलं आहे. रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा इथल्या संस्थांसाठी ही मोठी जमेची बाजू आहे.

कंपनीचा वार्षिक अहवाल बहुधा तिच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यातलं सीएसआरचं परिशिष्ट काढा. कोणत्या विषयाला, कोणत्या भागात, किती रक्कम दिली ते बऱ्याच कंपन्या तिथे देतात. कंपनीच्या सीएसआर समितीवर कोण आहे तेही कळतं. ठाणे जिल्ह्यात शिक्षणावर खर्च करणारी कंपनी सापडली तर तिला खाडीतल्या खारफुटीचा प्रकल्प दाखवू नका. शंभर ठिकाणी एकच पत्र टाकण्यापेक्षा चार कंपन्यांचे अहवाल वाचून चार वेगळी पत्रं लिहा. पत्र एका पानाचं पुरे: कोणाचा कोणता प्रश्न, तुम्ही आजवर काय केलं, आता किती रुपयांत काय करणार. शेवटी वस्तीवर येऊन काम बघण्याचं निमंत्रण द्या. आणि कृपा करून ‘समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी’ ने सुरुवात करू नका. ते वाक्य त्या माणसाने सकाळपासून बरेचदा वाचलेलं असतं.

बोलावणं आलं की खरी परीक्षा अंदाजपत्रकाची. समजा, तुर्भे स्टोअरच्या वस्तीत ६० मुलांची अभ्यासिका चालवायची आहे. दोन शिकवणाऱ्या ताई, प्रत्येकी ९,००० रुपये मानधन, म्हणजे वर्षाचे २,१६,०००. खोलीचं भाडं ७,००० प्रमाणे ८४,०००. वह्या-पुस्तकं मुलामागे ८०० रुपये, ४८,०००. अर्धवेळ समन्वयक ८,००० प्रमाणे ९६,०००. झाले ४,४४,०००. त्यावर हिशोबनीस आणि लेखापरीक्षणाचे ५ टक्के, २२,२००. एकूण ४,६६,२००, म्हणजे मुलामागे वर्षाला ७,७७० रुपये. हा शेवटचा आकडा स्वतः काढून द्या, नाहीतर समोरचा काढतो आणि मग तुम्हाला तो नवीन वाटतो.

समन्वयकाच्या मानधनावर घासाघीस होईल. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत बसवा’ असं सर्रास सांगतात. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्यात धरत नाहीत. रोज वस्तीत जाणारा समन्वयक हा प्रकल्पाचाच खर्च आहे. हे शांतपणे, नियम पुढे ठेवून सांगा. तिथे गप्प बसलात तर त्याचा पगार वर्षभर कोणाच्या तरी खिशातून जातो.

मंजुरी मिळाली की करारनाम्यात हप्ते कधी आणि कशावर सुटणार ते नीट वाचा. पहिला हप्ता सहीनंतर, दुसरा अहवाल आणि विनियोग प्रमाणपत्रानंतर (पैसा कुठे खर्च झाला त्याचा दाखला), अशी पद्धत असते. पैसा ठरलेल्या कामावरच गेला हे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं, म्हणून ते तुमच्याकडे बिलांचा तगादा लावतात. त्या अनुदानाचं खातेवही पान वेगळं ठेवा, भाडं आणि मानधन बँकेतूनच द्या, आणि प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव लिहा. दुसरा हप्ता महिना-दोन महिने लांबतो हे गृहीत धरा. तेवढ्या मानधनाची सोय संस्थेच्या स्वतःच्या खात्यात नसेल, तर सही करण्याआधीच पहिला हप्ता मोठा मागून घ्या.