खारपाणपट्ट्यात सोलरवर आरओ बसवायचा असेल तर

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअर कितीही खोल न्या, पाणी बहुतेक खारंच लागतं. मी मोटर-पंपाची कामं करतो. सोलरवर आरओ म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "बॅटऱ्या किती लागतील?" एकही नको. वीज साठवू नका, पाणी साठवा. ऊन आहे तोवर प्लँट चालवायचा, गोडं पाणी मोठ्या टाकीत भरायचं आणि दिवसभर तिथूनच वाटायचं. बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते, आणि स्वस्तातला प्लँट तिथंच महाग होतो.

आधी पाणी तपासून घ्या. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर हवाच, पण हार्डनेस, नायट्रेट आणि फ्लोराइड प्रयोगशाळेतूनच कळतं. पिण्याच्या पाण्याला टीडीएसची मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस 35,000च्या आसपास असतो. ते गोडं करायला 55-60 बार किंवा त्याहून जास्त दाब लागतो. आपल्या अडीच हजार टीडीएसच्या बोअरला दहा-बारा बार पुरतो. म्हणूनच इथं हे काम थोड्या सोलर प्लेटांवर भागतं.

आता हिशेब. शंभर घरं, घरटी 20 लिटर, म्हणजे पिण्या-स्वयंपाकाला 2,000 लिटर. आंघोळीचं, गुरांचं पाणी यात धरू नका. ताशी 500 लिटरचा प्लँट चार तास चालला की झालं. पाणी ओढणारी आणि दाब देणारी अशा दोन्ही मोटरी मिळून दीड किलोवॅट धरा, म्हणजे सहा युनिट. आपल्याकडे एक किलोवॅटच्या प्लेटा दिवसाला साधारण चार युनिट देतात. कागदावर दीड किलोवॅट पुरतं, तरी मी तीन किलोवॅटच्या प्लेटा लावायला सांगतो, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात आणि पातळ ढगातही मोटरीला पूर्ण जोर मिळाला पाहिजे. जादा प्लेटांचा खर्च एकदाच होतो.

मोटर थ्री-फेज घ्या आणि तिला सोलर ड्राइव्ह, म्हणजे उन्हाप्रमाणे मोटरीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, लावा. मोटर हळूहळू वेग घेते, मेंब्रेनला, म्हणजे आरओतल्या मीठ अडवणाऱ्या पडद्याला, झटका बसत नाही. ड्राइव्हमध्ये वेगाची खालची मर्यादा मात्र नक्की बांधून घ्या. दाब फार उतरला की गोडं पाणी कमी येतं, पण मीठ तेवढंच झिरपत राहतं. टाकीतलं पाणी मचूळ होतं. अशा वेळी प्लँट बंद राहिलेलाच बरा.

प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून, वीसेक अंशांत बसवा आणि खालून वारा खेळू द्या. मे महिन्यात तापलेली प्लेट कमी वीज देते. धुवायला गोडंच पाणी वापरा. बोअरच्या पाण्यानं काचेवर पांढरे डाग धरतात, ते सहजी निघत नाहीत.

सगळ्यात जपायचं ते संध्याकाळचं फ्लशिंग. हा प्लँट रोज रात्री बंद असतो आणि आत राहिलेलं दाट खारं पाणी मेंब्रेनवर खर, म्हणजे क्षारांचा थर, धरतं. त्यासाठी गोड्या पाण्याची छोटी टाकी वेगळी ठेवा. चारच्या सुमारास, ऊन आहे तोवर, त्या पाण्यानं मेंब्रेन धुवा. वेस्टच्या, म्हणजे उरलेलं खारं पाणी बाहेर टाकणाऱ्या, पाइपातलं पाणी पेल्यात धरून मीटर बुडवा. सुरुवातीला आकडा पाच हजारांच्या घरात असतो, तो भराभर उतरतो. पाचशेच्या खाली आला की व्हॉल्व्ह बंद करा. हे काम एका माणसाच्या नावावर लावून द्या.

निम्मं पाणी वेस्ट जातं, आणि त्यात खार दुप्पट असतो. ते वावरात सोडू नका, कळकळीनं सांगतो. सोडियमनं काळी जमीन आवळते, मग पाणी मुरतच नाही. संडासाला, फरशी धुवायला वापरा. उरलेलं प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात वाळू द्या. वेस्ट कमी करणारी दुसरी वाटही आहे. जळगावच्या जैन इरिगेशननं एमआयटीबरोबर सोलरवरच्या इलेक्ट्रोडायलिसिसचं, म्हणजे विजेनं पाण्यातले क्षार ओढून काढणारं, यंत्र केलं, त्याला 2015 मध्ये खारं पाणी गोडं करण्यासाठीचा अमेरिकेचा 'डीसॅल' पुरस्कार मिळाला. टीडीएस फार नसेल तिथं ते जमतं.

वीजबिल नाही म्हणून पाणी फुकट वाटू नका. कॅनमागे थोडे पैसे घ्या आणि ते वेगळ्या खात्यात टाका. फिल्टर, खर रोखणारं औषध आणि पुढं नवं मेंब्रेन, सगळं त्यातूनच येणार आहे.