परग्रहावरील जीवसृष्टीची बातमी कशी पारखावी

एप्रिल २०२५ मध्ये सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८बी या ग्रहावर जीवसृष्टीची चाहूल लागल्याच्या बातम्या झळकल्या. अशी बातमी वाचताना प्रथम नेमके काय मोजले गेले ते शोधावे. येथे ग्रह ताऱ्यासमोरून जात असताना त्याच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश जेम्स वेब दुर्बिणीने टिपला आणि केंब्रिज विद्यापीठाच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला त्या प्रकाशाच्या वर्णपटात, म्हणजे रंगांनुसार विभागलेल्या पट्ट्यात, डायमिथाइल सल्फाइड किंवा तत्सम रेणूच्या खुणा दिसल्या.

मग खात्री किती ते पाहावे; माझ्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची असून मथळ्यात ती क्वचितच येते. सिग्मा हे निष्कर्षाची सांख्यिकीय खात्री मोजण्याचे माप आहे; हा संकेत तीन सिग्मा पातळीचा होता, म्हणजे निव्वळ योगायोगाने तो मिळण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के होती, तर शोधावर शिक्कामोर्तब होण्यासाठी पाच सिग्माची अपेक्षा असते. त्याच नोंदी पुन्हा तपासणाऱ्या इतर गटांना ठोस पुरावा आढळला नाही.

हा रेणू जीवाविना बनतो का, हेही विचारावे. पृथ्वीवर त्याचा मुख्य उगम समुद्री प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, असला, तरी ६७पी या धूमकेतूवरही त्याच्या खुणा सापडल्या आहेत.