चिनी आणि पाश्चात्त्य भागीदारांनी बोलणी कशी करावीत
शांघाय किंवा शेन्झेनमधील बैठकीत पाश्चात्त्य व्यावसायिकांनी तोंडावर स्पष्ट नकाराची अपेक्षा ठेवू नये. ‘विचार करून कळवतो’ असे उत्तर मिळाले आणि पुढची तारीख ठरत नसेल, तर नेमकी अडचण मध्यस्थामार्फत किंवा जेवणाच्या वेळी खासगीत विचारावी. चारचौघांत, विशेषतः वरिष्ठांसमोर, कोणाचीही चूक दाखवू नये, कारण असा दुखावलेला मान सहजासहजी भरून येत नाही आणि माझ्या मते अनेक करार किमतीपेक्षा यामुळेच रखडतात. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यावे आणि न वाचता खिशात टाकू नये. चिनी भागीदारांनीही अडचण वेळीच लेखी कळवावी, कारण समोरचा पक्ष मौनाला बहुधा संमतीच समजतो. १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीत कोणतीही अंतिम मुदत ठेवू नये.