एआय फोन एजंटला ऑनलाइन कॅलेंडर जोडायचे कसे

फोन उचलणाऱ्या एआय एजंटला बोलता येते, पण गुरुवारी चार वाजता जागा आहे की नाही हे त्याला ठाऊक नसते. ते विचारायची सोय करून दिली नाही तर तो गप्प बसेलच असे नाही; "हो, चारला या" असे बेधडक सांगूनही टाकतो. म्हणून सगळ्या जोडणीत एक नियम पाळायचा: बोलायचे काम एजंटचे, वेळ ठरवायचे काम कॅलेंडरचे आणि तुमच्या कोडचे.

१. आधी कॅलेंडर आवरा

अपॉइंटमेंटसाठी वेगळे कॅलेंडर तयार करा आणि चाचणीसाठी आणखी एक. आहे त्या खासगी कॅलेंडरवर प्रयोग करू नका.

गूगल कॅलेंडर वापरत असाल तर दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे दिवसभराच्या नोंदी. 'सुट्टी' अशी पूर्ण दिवसाची नोंद टाकली की ती सहसा 'फ्री' म्हणूनच पडते. एजंटला तो दिवस मोकळा दिसतो आणि तो बिनधास्त बुकिंग घेतो. अशा नोंदी 'बिझी' करून ठेवा. दुसरी गोष्ट कामाच्या वेळेची. गूगलची 'फ्रीबिझी' विनंती फक्त व्यग्र वेळा परत देते. रात्रीचे तीन तिच्या लेखी मोकळेच. कामाचे तास, जेवणाची सुट्टी आणि दोन अपॉइंटमेंटमधले अंतर हे सगळे तुमच्या कोडमध्ये वजा करावे लागते.

हा हिशेब नको असेल तर कॅल डॉट कॉमसारखी बुकिंग सेवा मध्ये घ्या. कामाचे तास आणि अंतर तिथे एकदा भरले की तिचा एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायची सोय) थेट मोकळे स्लॉट, म्हणजे बुक करता येतील अशा वेळा, देतो. पहिल्यांदाच जोडणी करणाऱ्याने हाच मार्ग धरावा.

२. परवानगी

बुकिंग सेवेला एपीआय की (पासवर्डसारखा गुप्त कोड) पुरते. गूगलसाठी दोन वाटा आहेत. एकच कॅलेंडर असेल तर सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामसाठीचे गूगल खाते) सोपे: गूगल क्लाउडमध्ये कॅलेंडर एपीआय चालू करा, सर्व्हिस अकाउंट तयार करा आणि त्याच्या ईमेल पत्त्याशी कॅलेंडर शेअर करा. शेअर करताना नोंदी बदलण्याची परवानगी द्या, नुसती बघण्याची देऊ नका. मात्र साधे सर्व्हिस अकाउंट पाहुण्यांना निमंत्रण पाठवू शकत नाही. नोंदीत ग्राहकाला पाहुणा म्हणून घातले की ४०३ एरर (परवानगी नाही) येते. निरोप एसएमएसने वेगळा पाठवा.

अनेक लोकांची कॅलेंडरे जोडायची असतील तर ओऑथ लागते, म्हणजे प्रत्येकाने स्वतः लॉगिन करून परवानगी द्यायची पद्धत. इथली नेहमीची तक्रार अशी की आठवडाभर सगळे नीट चालते आणि मग अचानक बंद पडते. बहुतेक वेळा कारण साधे असते. बाहेरच्या वापरकर्त्यांसाठीचे अॅप 'टेस्टिंग' स्थितीत ठेवले, तर कॅलेंडरसाठीचा रिफ्रेश टोकन (परवानगी चालू ठेवणारा कोड) ७ दिवसांत संपतो. अॅप 'प्रॉडक्शन'मध्ये न्या.

३. एजंटला टूल द्या

टूल म्हणजे एजंटला बोलता बोलता करता येईल असे एखादे काम. सुरुवातीला दोनच पुरेत: 'मोकळ्या वेळा बघणे' आणि 'बुकिंग करणे'. पहिल्याला तारीख आणि कामाचा प्रकार द्यावा लागतो. दुसऱ्याला नाव, फोन नंबर आणि निवडलेला स्लॉट. प्रत्येक टूलच्या वर्णनात ते कधी वापरायचे हे स्पष्ट लिहा, उदाहरणार्थ "मोकळ्या वेळा बघितल्याशिवाय कोणतीही वेळ सांगू नये" आणि "ग्राहकाने हो म्हटल्यावरच बुकिंग करावे". एजंटमागचे एआय मॉडेल हे वर्णन वाचूनच ठरवते.

टूलची विनंती व्हॉइस प्लॅटफॉर्मकडून (फोनवरचा एजंट चालवणारी सेवा) तुमच्या सर्व्हरच्या वेबहुकवर, म्हणजे अशा विनंत्या घेणाऱ्या वेब पत्त्यावर, येते आणि तिथून कॅलेंडरकडे जाते. वेबहुकचा पत्ता इंटरनेटवर उघडा असतो, म्हणून प्रत्येक विनंतीसोबत गुप्त की मागा. मेक किंवा एनएटएन (n8n) सारखी, फारसा कोड न लिहिता सेवा जोडणारी साधने मध्ये ठेवता येतात, पण प्रत्येक टप्प्यागणिक उत्तराला उशीर होतो आणि फोनवर तीन सेकंदांची शांतताही फार मोठी वाटते.

४. तारीख आणि वेळ

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मॉडेलला आज कोणती तारीख आहे हे माहीत नसते, म्हणून प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या लेखी सूचनांमध्ये) आजची तारीख, वार, वेळ आणि टाइमझोन घाला. "पुढच्या सोमवारी" म्हणजे नेमका कोणता हे कोडकडून ठरवून घ्या आणि एजंटला वार व तारीख दोन्ही मोठ्याने म्हणायला लावा.

कॅलेंडरला वेळ पाठवताना यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक जोडाच. तुमचा फरक +०५:३० असेल आणि सर्व्हरने दुपारचे तीन नुसते यूटीसी म्हणून पाठवले, तर नोंद रात्री साडेआठला पडते.

मराठी बोलणारा एजंट असेल तर दीड, अडीच, सव्वाचार, पावणेपाच या वेळांची यादी करून एकेक तपासा. पावणेपाच म्हणजे ४:४५. एजंटला ५:४५ ऐकू आले तर ग्राहक तासभर आधी येऊन बसेल. "परवा"चे दोन अर्थ होतात, तेव्हा तिथेही तारीख उच्चारून घ्यायची.

५. दुहेरी बुकिंग टाळा

वेळ सांगणे आणि ग्राहकाने हो म्हणणे यात अर्धे मिनिट जाते. तेवढ्यात दुसऱ्या कॉलवर तोच स्लॉट जाऊ शकतो आणि गूगल कॅलेंडर एकाच वेळेच्या दोन नोंदींना अडवत नाही. म्हणून नोंद टाकण्याआधी उपलब्धता पुन्हा तपासा आणि एका कॅलेंडरची बुकिंग एकामागून एकच होऊ द्या.

एकच बुकिंग दोनदा पडते त्याचे कारण वेगळे असते: उत्तराला उशीर झाला की प्लॅटफॉर्म विनंती पुन्हा पाठवू शकतो. नोंदीचा आयडी स्वतः द्या, कॉलचा क्रमांक आणि स्लॉट यांवरून बनवलेला. गूगलमध्ये त्यात इंग्रजी ए ते व्ही ही लहान अक्षरे आणि ० ते ९ अंकच चालतात, लांबी किमान ५. दुसरी विनंती आली की ४०९ एरर (हा आयडी आधीच आहे) मिळते. ती अपयश न मानता 'बुकिंग आधीच झाले आहे' असे एजंटला कळवा.

६. संवाद

एका वेळी दोन, फार तर तीन स्लॉट सुचवा. टूल चालू असताना "एक क्षण, वेळ बघते" असे वाक्य ठेवा. ईमेल फोनवर विचारू नका, स्पेलिंगमध्ये घोळ होतोच. ज्या नंबरवरून कॉल आला तोच वापरू का, एवढे विचारा.

७. चाचणी

चाचणीच्या कॅलेंडरवर मुद्दाम अडचणी उभ्या करा. भरलेला दिवस मागा, मध्येच वेळ बदला, एकाच स्लॉटसाठी दोन फोनवरून एकदम कॉल करा. शेवटी परवानगी काढून घ्या आणि एजंट काय बोलतो ते ऐका. कॅलेंडरपर्यंत पोहोचता येत नसेल तेव्हा त्याने वेळ सांगायचीच नाही. नाव आणि नंबर घेऊन कॉल माणसाकडे वळवायचा. "बुकिंग झाले" हे वाक्य कॅलेंडरकडून नोंदीचा आयडी परत आल्यावरच त्याच्या तोंडी यायला हवे.