वरच्या मजल्यावरची वही

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा ऑगस्टमध्ये स्पेनला गेला. वय १८, उंची २ मीटर ३ सेंटिमीटर, बुटाचा नंबर ४९. तिथल्या एका क्लबने त्याला दोन वर्षांचा करार दिलाय. आधी त्यांच्या ज्युनिअर संघात खेळायचं, जमलं तर वर. आम्ही जर्मनीत व्युर्त्सबुर्गला राहतो. माझी लेक १४ वर्षांची, तीही बास्केटबॉल खेळते, आणि सात वर्षं या दोघांना प्रॅक्टिसला सोडणं-आणणं त्याच्या आईने आणि मी वाटून घेतलं होतं. मराठी मुलांचं ऐकून तो मला काकूच म्हणतो.

जाण्याआधीचं वर्षभर त्याच्या आईच्या टेबलावर चौकटीची एक वही उघडी असायची. काम सुचलं की लिहायचं, झालं की खोडायचं. लेक मागच्या हिवाळ्यात म्हणाली, "मलाही बाहेर जाऊन खेळायचंय." त्या रात्री मी वर जाऊन ती वही उतरवून घ्यायला बसले. युरोपात वाढणारी, हा खेळ मनापासून खेळणारी मुलं आता आपल्याही बऱ्याच घरांत आहेत, म्हणून ती इथे मांडते आहे. माझी मतं मध्ये येतील.

पहिल्या पानावर खेळाचं काहीच नव्हतं. शाळेचं होतं. बारावीनंतरची जर्मन परीक्षा, आबिटूर, हातात पडल्याशिवाय कुठलाही कागद सही करायचा नाही, हे आईबाप आणि मुलगा यांनी तिघांनी सही करून लिहिलेलं. मला हे फार पटलं. लोक लगेच एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, गाजलेल्या स्लोव्हेनियाच्या लुका डॉन्चिचचं उदाहरण देतात. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये, १३ व्या वर्षी, स्पॅनिश येत नसताना ल्युब्ल्यानाहून तो स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबमध्ये गेला आणि ३० एप्रिल २०१५ ला, सोळा वर्षं दोन महिन्यांचा असताना मोठ्या संघातून उतरला. पण तो डॉन्चिच. शिवाय फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाच्या, नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली अपवाद म्हणूनच होते. आमच्या गावाचं उदाहरण वेगळं आहे. एनबीएत मोठा झालेला डर्क नोवित्स्की इथलाच. विसाव्या वर्षापर्यंत तो इथेच राहिला, शाळा पुरी केली. होल्गर गेश्विंडनर नावाच्या, भौतिकशास्त्र शिकलेल्या जुन्या ऑलिंपिक खेळाडूने त्याच्याकडून वेगळ्याच पद्धतीने तयारी करून घेतली: नेमबाजीसारखा नेमका शॉट, सोबत वल्हवणं, सॅक्सोफोन, वाचन. १९९८ च्या मार्चमध्ये सॅन अँटोनियोतल्या एका सामन्यात अमेरिकेच्या निवडक ज्युनिअर मुलांविरुद्ध त्याने ३३ गुण केले, तोवर अमेरिकेत त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. तरीही डॅलसच्या एनबीए संघातलं पहिलं वर्ष त्याला जडच गेलं. दोन वर्षं उशिरा गेल्याने काही बिघडत नाही, हे मला लेकीला सांगायचंय.

अमेरिकेतल्या कॉलेजची वाट धरायची असेल तर मात्र शाळेचं पान नववीतच उघडावं लागतं. बर्लिनचे वाग्नर बंधू, मोरित्स आणि फ्रांत्स, दोघेही मिशिगन विद्यापीठातून एनबीएत गेले. तिथल्या वरच्या गटातल्या कॉलेजांना शाळेतले ठरावीक १६ विषय-अभ्यासक्रम आणि किमान गुण लागतात. गुणपत्रिकांची भाषांतरं आली. अठराव्या वर्षी जाग आली तर मागचा विषय परत घेता येत नाही.

कराराची पानं वहीत सगळ्यात जास्त होती, अकरा. आई बँकेत काम करते, त्यामुळे तिला आकडा वाचायची भीती नाही, पण या जगातले शब्द तिलाही नवे होते. एजंट फिबाचा परवाना असलेलाच हवा. परवानाधारकांची यादी फिबाकडे उघड असते, ती आधी बघायची. दोन एजंट भेटून गेले. दोघांनाही तिने एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडचे असे तीन खेळाडू सांगा, जे मोठे झाले नाहीत. पहिल्याने विषय बदलला. दुसऱ्याने तीन नावं दिली, आणि तिने त्यातल्या एकाच्या आईला फोन लावला. चाळीस मिनिटं बोलल्या दोघी. मुलगा गुडघा फाटून परत आला तेव्हा एजंट विमानतळावर घ्यायला आला होता, एवढं ऐकून हिने सही करायचं ठरवलं. मला वाटतं, वर्षभरातला तो सगळ्यात शहाणा फोन होता.

करारात तिने काय काय तपासलं ते सांगते. पगाराचा आकडा हातात पडणारा की कर कापायच्या आधीचा. युरोपात बास्केटबॉलचे करार बहुतेक हातात पडणाऱ्या आकड्याचे असतात आणि कर क्लब भरतो, पण तसं लिहिलेलं हवं. पैसे कुठल्या तारखेला, आणि उशीर झाला तर काय. दुखापत झाली तर पगार चालू राहतो का, ऑपरेशन कोणाच्या खर्चाने, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क आहे का. राहण्याची खोली, घरी यायची दोन तिकिटं. करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यास कुठली भाषा धरायची. आणि वाद कुठे न्यायचा: फिबाने २००७ मध्ये उभं केलेलं एक लवाद मंडळ आहे, कायद्याने त्याचं ठिकाण जिनिव्हा, कामकाज इंग्रजीत, पण करारात तसं कलम असेल तरच तिथे जाता येतं. एक ओळ आहे. ती राहून गेली तर मुलाला थकलेल्या पगारासाठी परक्या गावच्या कोर्टात उभं राहावं लागतं.

मग सुटकेची रक्कम. दुसऱ्या क्लबने किंवा एनबीएने बोलावलं तर आधीच्या क्लबला किती पैसे द्यायचे, हे आजच ठरतं. परदेशी मुलगा १९ व्या वर्षापासून एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, नाव देऊ शकतो, आणि २२ वर्षं पुरी होतात त्या वर्षी नाव आपोआप येतं. ड्राफ्ट झाला म्हणजे लगेच निघायचं असंही नाही. सर्बियाचा निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा निवडला गेला, त्यानंतर आणखी वर्षभर सर्बियातच खेळला, अॅड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि मग डेन्व्हरच्या एनबीए संघात गेला.

कागदपत्रं त्या मानाने सोपी. आधीच्या महासंघाकडून फिबाचं सुटकेचं पत्र, जन्मदाखल्याची बहुभाषिक प्रत, युरोपियन आरोग्य कार्ड, स्पेनमध्ये पोचल्यावर परदेशी माणसाचा क्रमांक आणि नगरपालिकेत पत्त्याची नोंद. हे सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये, आणि स्कॅन आईकडे.

तपासण्या जूनमध्येच उरकल्या. हृदयाचा ईसीजी आणि इको, रक्तातलं लोह आणि ड जीवनसत्त्व, दोन्ही घोटे, गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध, अक्कलदाढा. दात ही फालतू गोष्ट वाटते, पण सीझनच्या मध्यावर परक्या देशात दाढ सुजली तर मुलगा दोन आठवडे बसतो. जुन्या दुखापतींचे एमआरआय पेनड्राइव्हवर घेतले, म्हणजे नवीन दुखापत जुन्या खात्यावर टाकता येत नाही.

इथे माझं एक सांगते. निघायच्या आठवड्यात मी त्याच्यासाठी च्यवनप्राशचा डबा घेऊन वर गेले. मनात माया होती. त्याच्या आईने डबा हातात घेतला, मागची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, आणि हळूच परत माझ्यापुढे ठेवला. "त्याच्या लघवीची तपासणी होणार," ती म्हणाली. "ज्यातलं सगळं मला कळत नाही ते मी त्याला देत नाही." तिचं बरोबर होतं. सर्दीच्या साध्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असतं आणि सामन्याच्या दिवशी ते ठरावीक प्रमाणावर गेलं की मुलगा उत्तेजक घेतल्याच्या यादीत जातो. पूरक पावडरींसाठी जर्मनीत कोल्नर लिस्टे नावाची तपासलेल्या उत्पादनांची यादी आहे. आपल्या घरांतून मुलांबरोबर काढे, चूर्णं, गोळ्या सहज जातात. आजीला आधीच समजावून ठेवा.

डबा परत आणला आणि त्याऐवजी त्याला स्वयंपाक शिकवला. क्लबमध्ये दुपारचं जेवण मिळतं, पण स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊ-दहाला, आणि प्रॅक्टिस संपून सात वाजता पोटात आग पडलेली असते. त्या वेळी मुलं पिझ्झा मागवतात. (योकिच एके काळी दिवसाला तीन लिटर कोला प्यायचा. अमेरिकेच्या विमानात शेवटचा घेतला आणि सोडला.) चार शनिवार तो माझ्या ओट्याशी वाकून उभा राहिला, आमचं चिमणीचं झाकण त्याच्या कपाळाला लागतं. वरणभात, अंड्याची भुर्जी, भाज्या घालून मऊ खिचडी. कुकरची शिट्टी झाली की पहिल्या दिवशी तो दोन पावलं मागे सरकला होता. चौथ्या शनिवारी त्याने स्वतः डाळ धुतली, पाणी नितळ होईपर्यंत, आणि बोटाच्या पेराने तांदळावरचं पाणी मोजलं. त्याचं पेर माझ्यापेक्षा बरंच लांब, म्हणून पहिला भात चिखल झाला. मग आम्ही कपाने मोजायला लागलो.

भाषेचं पान फ्रिजवर होतं. पुस्तकी स्पॅनिश तो शाळेत शिकलाच होता, पण मैदानावरचे शब्द वेगळे. ब्लोकेओ म्हणजे स्क्रीन लागतोय (समोरच्या संघाचा खेळाडू तुझी वाट अडवायला उभा राहतोय), काम्बियो म्हणजे अडवायचा माणूस बदल, आयुदा म्हणजे मदतीला ये. हे तीन शब्द कळायला अर्धा सेकंद लागला तर समोरचा बास्केटपर्यंत पोचलेला असतो, आणि प्रशिक्षकाला वाटतं मुलगा आळशी आहे. त्याने चिठ्ठ्या लावल्या आणि माझ्या लेकीने स्वयंपाकघरात अचानक ओरडून त्याची परीक्षा घेतली. दूध काढायला गेला की "काम्बियो!"

खेळाबद्दल वहीत फार कमी होतं. तिथले लोक तेच शिकवणार आहेत. डावा हात, अंगावर माणूस असताना पास, पायांची ताकद. तीन गुणांची रेषा युरोपात ६.७५ मीटरवर आणि एनबीएत समोरून ७.२४ मीटरवर आहे, तर उन्हाळ्यात लांबूनच सराव केला, एवढंच. बूट दोन जोड्या आधीच मागवल्या, कारण ४९ नंबर दुकानात मिळत नाही, आणि एक जोडी पंधरा दिवस वापरून मऊ केली.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं: परत आला तर. खाली चार ओळी. खोली तशीच ठेवायची. विद्यापीठाच्या प्रवेशाची तारीख दर वर्षी बघायची. जुन्या प्रशिक्षकाशी बोलणं झालंय. आणि कारण पहिल्या दिवशी विचारायचं नाही. हे पान मुलाने वाचलेलं आहे, हे महत्त्वाचं. ज्याला परतीचा दरवाजा दिसतो तो तिथे धीराने टिकतो, असं त्याची आई मानते आणि मीही. रविवारी दुपारी फोन, मध्ये त्याला वाटलं तर तो करेल, आईने रोज विचारायचं नाही की किती मिनिटं खेळलास.

त्या वहीत एक पान नव्हतं, कारण त्या घराला त्याची गरजच नव्हती. ते मी घातलं. पासपोर्ट.

तो मुलगा जर्मन आहे, म्हणून स्पेनमध्ये त्याला काम करायला परवानगी लागत नाही. माझ्या लेकीचा पासपोर्ट भारतीय आहे. तिला दुसऱ्या देशात खेळायचं तर व्हिसा, कामाचा परवाना, आणि बहुतेक ठिकाणी परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांतली एक जागा. जर्मनीतल्या पुरुषांच्या वरच्या लीगमध्येही बारापैकी सहा खेळाडू जर्मन लागतात. कागदाने किती अडतं याचं मोठं उदाहरण एनबीएत गाजलेला यानिस आंतेतोकूंपो: १९९४ मध्ये अथेन्समध्ये जन्मला, तिथेच वाढला, आणि ग्रीक नागरिकत्व मिळालं २०१३ मध्ये, ड्राफ्टच्या जेमतेम आधी.

आणि एक नियम मला या वर्षीच कळला. एखाद्या देशाचं नागरिकत्व सोळाव्या वर्षानंतर घेतलं तर फिबाच्या स्पर्धांत त्या देशाच्या संघात असा एकच खेळाडू चालतो. सोळाच्या आत घेतलं तर ही अट लागत नाही. जर्मनी २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला हरकत घेत नाही, भारत मात्र ते देत नाही. म्हणजे जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय सोडावा लागतो, आणि भारताच्या संघाकडून खेळायला तोच लागतो. तिचे आजोबा साताऱ्यात आहेत, त्यांच्याशी हे बोलायचंय. तिला विचारलं तर ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "मला दोन्हीकडे खेळायचंय." चौदाव्या वर्षी हे तिने ठरवावं की आम्ही, हेही आम्हाला नीट कळत नाही.

अर्जाचा निकाल लागायला महिनोन्महिने जातात आणि तिला सोळा व्हायला वीस महिने उरलेत. अर्ज छापून आणला आहे. तिच्या नव्या वहीच्या पहिल्या पानात तो घडी करून ठेवलाय, अजून भरलेला नाही.