मुलांकडे स्पेनला निघालेल्या बेळगावकर आईवडिलांसाठी

माझी लेक व्हॅलेन्सियात नोकरीला आहे. तिच्याकडं जाऊन आल्यापासून शहापूर, अनगोळ, खानापूर, निपाणीकडचे आईबाप घरी येऊन विचारतात, आम्हाला जायचंय, काय काय करायला लागतंय? सगळ्यांना मी एकच सांगते: तिकीट नंतर, कागद आधी. आपल्या भागातल्या लोकांना कागदांना जरा जास्तच वेळ द्यावा लागतो, म्हणून तेच सविस्तर लिहिते.

पासपोर्ट, आधार, बँक पासबुक आणि मुलाचा जन्मदाखला एका टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि चष्मा लावून इंग्रजी स्पेलिंग वाचा. गावाचं नाव एका कागदावर बेलगाम आणि दुसऱ्यावर बेळगावी असेल तर घाबरू नका. 1 नोव्हेंबर 2014 ला नाव बदललं, एवढी एक ओळ अर्जासोबतच्या पत्रात घाला. खरी काळजी माणसाच्या नावाची. कन्नडवरून इंग्रजी लिहिताना कुलकर्णी, देशपांडे, कांबळे या आडनावांत एखादा ‘ए’ जादा पडतो. बायकांचं तर पासपोर्टवर एक नाव, मुलाच्या दाखल्यावर दुसरंच. तुम्ही आईवडील आहात हे त्या दाखल्यावरूनच दाखवायचं असतं. म्हणून पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. पासपोर्टच चुकीचा असेल तर तो आधी दुरुस्त करा. या कामाला महिने लागू शकतात. जुने दाखले, जमिनीचा उतारा, पेन्शनचा आदेश कन्नडमध्ये किंवा मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून सोबत लावा.

मुलाच्या घरी राहणार असाल तर त्यानं तिथल्या राष्ट्रीय पोलिसांकडून निमंत्रणपत्र काढायचं असतं. त्याला ‘कार्ता दे इन्विताथियोन’ म्हणतात. त्यासाठी त्याला आधी वेळ घ्यावी लागते, घराचे कागद दाखवावे लागतात, आणि हातात आलेलं मूळ पत्र कुरिअरनं इकडं पाठवावं लागतं. फोटो पाठवून भागत नाही. तेव्हा मुलाला आजच कामाला लावा.

स्पेनच्या व्हिसाचे अर्ज बीएलएस ही कंपनी घेते. कोल्हापूरला, चंदगडला पाहुणे आहेत म्हणून तिकडचा पत्ता घालून पुण्या-मुंबईत अर्ज टाकायचा विचार मनातसुद्धा आणू नका. राहता पत्ता कर्नाटकातला आहे, कुठल्या केंद्रात जायचं ते त्यावरूनच ठरतं. आधी भेटीची वेळ घ्यायची. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. ‘वेळ मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका, मुलाला साइटवर बसवा. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, निदान 15 दिवस आधी तरी जायलाच हवा, पण दोन-तीन महिने हातात ठेवा. मोठ्या माणसाची फी 90 युरो, केंद्राचे पैसे वेगळे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला पाहिजे. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा, संपूर्ण शेंगेन भागासाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांसाठी. राहता येतं कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, तेही व्हिसावर तेवढे दिवस लिहिले असतील तरच. नातवंडासाठी म्हणून चार दिवस जादा राहू नका. ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या सीमेवर येण्याजाण्याची नोंद संगणकावर घ्यायला सुरुवात झाली आहे.

आता बॅग. मला सगळ्यात वाईट वाटलं ते इथंच. कुंदा नेता येत नाही. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्यामुळं खवा, तूप, पेढे, कुंदा सगळं घरी ठेवा. आंबाही न्यायचा नाही, ताज्या फळांना कागद लागतो. मग काय न्यायचं? शेंगाचटणी, कडक भाकरी, भडंग, मेतकूट, गोडा मसाला. पाकिटं सीलबंद आणि वर नाव लिहिलेली असूदेत. औषधं मूळ पट्टीतच ठेवा, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत, आणि गोळीच्या कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपली नावं तिथं चालत नाहीत. आपल्या तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही, अडॅप्टर इथूनच घ्या.

जेवणाचं नीट ऐका. मी माळकरी आहे, अंडंही खात नाही, आणि तरी तिथं उपाशी राहिले नाही. पण ‘मांस नको’ एवढं सांगून चालत नाही. मांस नको म्हटलं तर ते टूना मासा घालतात, नाहीतर हामोन, म्हणजे डुकराच्या मांडीचं वाळवलेलं मांस. ते त्यांच्या हिशेबात वेगळं असतं. मुलाकडून कागदावर लिहून घ्या: ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, नी उएवोस.’ मांस, मासे, हामोन, अंडी खात नाही. तो कागद वेटरला दाखवा. मिक्स सॅलडमध्ये बहुतेक टूना आणि अंडं असतं. बटाट्याची ‘तोर्तिया’ अंड्याची असते. मसुरीच्या आमटीत बहुतेक वेळा चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, पडतो. साल्मोरेखो या टोमॅटोच्या दाट गार सूपवर अंडं आणि हामोन भुरभुरतात. बिनधास्त मागवा ते टोमॅटो चोळलेला पाव, गासपाचो हे टोमॅटोचं गार सूप, तळलेल्या पाद्रोन मिरच्या आणि सेव्हिलकडं मिळणारी पालक-छोले भाजी. व्हॅलेन्सियाचा मूळ पाएया, म्हणजे तिथला मसालेभात, कोंबडी-सशाचा. भाज्यांचा मागा आणि रस्सा कशाचा आहे तेही विचारा. ओरचाता मात्र अवश्य प्या. एका लहान कंदापासून करतात, त्यात दूध नसतं.

वेळेचं आपल्या पोटाला शिकवावं लागतं. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. साडेसातला हॉटेलात गेलात तर स्वयंपाकघर बंद असतं. मधुमेह असेल तर डॉक्टरांशी आधी बोला आणि पिशवीत खायला ठेवा. दुपारी ‘मेनू देल दिया’ घ्या, ठरलेल्या दरात पोटभर होतं. रविवारी बऱ्याच ठिकाणी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान भरा. मार्चात व्हॅलेन्सियाला जाणार असाल तर 1 ते 19 तारखेपर्यंत रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांचा मोठा बार असतो. हृदयाचा त्रास असेल तर त्या वेळी लांब राहा.

बार्सिलोना आणि व्हॅलेन्सियात पाट्यांवर स्पॅनिशच्या आधी तिथली स्वतःची भाषा असते. भाषेवरून माणसाचं मन किती दुखतं ते आपल्याला सांगायला नको. कुणाला ‘ही बोली आहे का’ असं विचारू नका. त्यांच्या भाषेत ‘बोन दिया’ म्हटलं की चेहरा खुलतो.

पैशांचं थोडक्यात. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका, कार्डाचा परदेशी वापर बँकेत सुरू करून घ्या, आणि मशीननं रुपये की युरो विचारलं तर युरो निवडा. बार्सिलोनाचं सगराडा फॅमिलिया चर्च आणि ग्रानादाचा अल्हांब्रा राजवाडा यांची तिकिटं आधीच काढा. अल्हांब्रात तिकीट नावावर असतं, पासपोर्ट बघतात. माद्रिदचं प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ फुकट असतं.

खिसेकापूंसाठी बार्सिलोनाची मेट्रो बदनाम आहे. शहरात फिरताना पासपोर्ट घरी, झेरॉक्स पर्समध्ये; अल्हांब्राला जाताना मात्र पासपोर्ट सोबत. मदतीचा नंबर 112. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधाचं दुकान, रात्री कुठलं उघडं आहे त्याची यादी दारावर लावलेली असते. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दोघांच्याही खिशात वेगवेगळा ठेवा, मोबाईलची बॅटरी संपली तर टॅक्सीवाल्याला दाखवायला.