जुन्या शॉटगनचे मूल्य कसे पारखावे आणि कसे टिकवावे

शॉटगन केवळ जुनी आहे म्हणून मौल्यवान ठरत नाही. एकाच काळात घडलेल्या, दिसायला सारख्या दोन बारा बोअर दुनळ्या घेतल्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद), तरी एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट असू शकते. हा फरक बहुधा दोन ठिकाणी सापडतो: नळीच्या पोलादात, आणि मधल्या मालकांनी बंदुकीवर काय काय करून घेतले यात. म्हणून जुनी बंदूक विकत घेताना, वारशाने मिळाल्यावर किंवा विकायला काढताना ती खालील क्रमाने पारखावी. त्याआधी ती रिकामी आहे याची स्वतः खात्री करावी आणि बाळगण्या-विकण्याचा परवाना आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे आहे ना, हे पाहावे. कागद सदोष असतील तर उत्तम बंदूकही विकता येत नाही.

१. निर्माता, दर्जा आणि बोअर ओळखा

लंडनच्या बॉस (स्थापना 1812), पर्डी (1814) आणि हॉलंड अँड हॉलंड (1835) या घराण्यांच्या साइडलॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेल्या, दुनळ्या ग्राहकाच्या मापाने, बहुतांशी हाताने घडवल्या जात. आज तशी बंदूक नव्याने घडवून घेणे अतिशय महाग असल्यामुळे जुन्या चांगल्या नगांनाही आधार मिळतो. अमेरिकेत पार्कर, ए. एच. फॉक्स आणि विंचेस्टर मॉडेल 21 यांना असाच मान आहे. मात्र केवळ नावावर भाळू नये. पार्करच्या ट्रोजन या साध्या दर्जाच्या आणि वरच्या, नक्षीदार दर्जाच्या बंदुकांच्या किमतींत मोठी दरी आहे. शिवाय 20 किंवा 28 बोअरचे नग बारा बोअरपेक्षा फार कमी घडल्यामुळे त्यांना जास्त भाव मिळतो.

बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधील अँसन आणि डीली यांनी 1875 साली बॉक्सलॉकचे, म्हणजे ही यंत्रणा मधल्या धातूच्या चौकटीच्या आत बसवण्याच्या रचनेचे, पेटंट घेतले. ही रचना सोपी आणि मजबूत असल्यामुळे अशा बंदुका फार मोठ्या संख्येने निघाल्या. त्यांतल्या साध्या, इजेक्टर (रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकणारा भाग) नसलेल्या बंदुका वापरायला उत्तम असतात, पण गुंतवणूक म्हणून त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. सर्वाधिक वेळ नळ्यांना द्या

दस्ता बदलता येतो, कळ (बार उडवणारी यंत्रणा) दुरुस्त होते. नळीचे घासून गेलेले पोलाद मात्र परत येत नाही. नळ्या सुट्या करून त्यांच्या मागच्या टोकाला, खालच्या सपाट भागावर असलेले प्रूफचे, म्हणजे नळीच्या मजबुतीच्या अधिकृत चाचणीचे, शिक्के आधी वाचावेत. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस 1813 साली कायद्याने स्थापन झाले, लंडनची परंपरा त्याहून जुनी आहे. हे शिक्के नळी कोणत्या प्रकारच्या बंदुकीच्या दारूसाठी आणि किती व्यासाला तपासली गेली ते सांगतात. बारा बोअरचा प्रमाण व्यास 0.729 इंच, म्हणजे सुमारे 18.5 मिलिमीटर असतो. आतले गंजाचे खड्डे काढण्यासाठी नळी घासली की हा व्यास वाढतो. ब्रिटिश नियमांत तो मागच्या टोकापासून 9 इंचांवर मोजतात. शिक्क्यावरील मापापेक्षा तेथे 0.010 इंचाहून अधिक वाढ झालेली बंदूक प्रूफबाह्य ठरते आणि ब्रिटनमध्ये ती तशीच विकता येत नाही.

व्यासापेक्षाही भिंतीची जाडी महत्त्वाची आहे. सर्वांत पातळ जागी निदान 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडी असावी, असा तिथल्या कारागिरांचा सर्वसाधारण दंडक आहे. ती साध्या मोजपट्टीने कळत नाही. त्यासाठीचे खास उपकरण असलेल्या गनस्मिथकडेच (बंदुका घडवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच) मापन करून घ्यावे. आतून आरशासारख्या लखलखणाऱ्या नळ्या बाहेरून अनेकदा घासलेल्या असू शकतात, म्हणून चकाकीवर विश्वास ठेवून सौदा करू नये.

काही गोष्टी मात्र स्वतः पाहता येतात. नळी उजेडाकडे धरून आत पाहिल्यावर सावलीचे वर्तुळ तुटलेले दिसले, तर तेथे पोचा किंवा फुगवटा आहे. नळ्या हुकाला टांगून हलकेच टिचकी मारावी: नाद घंटेसारखा घुमला तर मधल्या पट्ट्यांची डाकजोड शाबूत आहे, आणि बद्द आवाज आला तर ती बहुधा सुटली आहे. पुढच्या तोंडाशी दोन नळ्या एकमेकींना टेकलेल्या असाव्यात. तेथे फट भरून काढलेली दिसली, तर नळ्या कापल्या गेल्याची आणि त्यासोबत चोक (तोंडाजवळचा मुद्दाम अरुंद ठेवलेला भाग) गेल्याची दाट शक्यता असते. जुन्या बुंध्यात नव्या नळ्या बसवलेली, म्हणजे स्लीव्ह केलेली बंदूक उत्तम चालते, पण तिची किंमत मूळ नळ्यांच्या बंदुकीपेक्षा बरीच खाली येते.

लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्या देखण्या असतात. त्यांपैकी काही धूरविरहित दारूसाठी रीतसर तपासलेल्या आहेत, परंतु तसा शिक्का आणि तज्ज्ञाचा होकार नसेल तर त्यांतून आधुनिक काडतूस उडवू नये. चेंबरची, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेची, लांबीही पाहावी. जुन्या ब्रिटिश बंदुकांत ती बहुधा अडीच इंच असते, आणि त्यांत लांब व जोरकस काडतूस घालणे धोक्याचे आहे.

३. मूळपण तपासा

नळ्या, कळ आणि पुढचा लाकडी भाग यांवरील क्रमांक जुळावेत. स्क्रूच्या डोक्यांकडे भिंगातून पाहा: उत्तम बंदुकीत खाचा बारीक, धारदार आणि नळीच्या दिशेने रांगेत असतात, रुंदावलेली, कडा चेपलेली खाच अकुशल हाताची खूण आहे. नक्षीच्या रेषा उथळ आणि गुळगुळीत झाल्या असतील तर धातू घासून पुन्हा रंगवला गेला आहे. अक्रोडाचे लाकूड शेजारच्या धातूपेक्षा खाली गेले असेल, तर दस्ता नक्की घासलेला आहे. झिजून फिकट झालेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा असतो, हे संग्राहक जाणतो आणि त्याप्रमाणेच पैसे मोजतो.

४. कागद आणि सोबतच्या वस्तू

मूळ पेटी, तिच्यातील निर्मात्याचे लेबल आणि विक्रीचे कागद जपावेत. अनेक जुन्या निर्मात्यांच्या नोंदवह्या आजही उपलब्ध आहेत. विंचेस्टरच्या बऱ्याच नोंदी अमेरिकेतील कोडी येथील संग्रहालयात आहेत. क्रमांक देऊन माहिती मागवता येते. एकत्र घडवलेल्या, एक आणि दोन असे अंक असलेल्या बंदुकांची जोडी कधीही फोडू नये; एकत्र जोडीला दोन सुट्या बंदुकांच्या बेरजेपेक्षा अधिक भाव येतो.

५. वापर आणि साठवण

अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत आणि इतरत्रही निर्बंध वाढत आहेत. पातळ भिंतीच्या, घट्ट चोकच्या जुन्या नळीतून पोलादी छर्रे उडवल्यास चोक फुगू शकतो. अशा वेळी बिस्मथचे मऊ छर्रे हा महाग पण सुरक्षित पर्याय आहे. या निर्बंधांचा परिणाम साध्या जुन्या बंदुकांच्या मागणीवर होतो, आणि खरेदी करताना तो हिशेबात धरावा.

चामड्याची पेटी ओल धरून ठेवते, म्हणून ती प्रवासापुरतीच वापरावी. कोरड्या, कुलूपबंद कपाटात बंदूक नळीचे तोंड खाली करून ठेवली तर तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. तेलाने काळे आणि मऊ पडलेले लाकूड पुढे कळीला नीट आधार देत नाही. खरेदीच्याच दिवशी शिक्के, क्रमांक, स्क्रू आणि लाकूड यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत, भिंतीच्या जाडीची मापे तारखेसह लिहून घ्यावीत आणि दर काही वर्षांनी त्याच गनस्मिथकडून ती पुन्हा मोजून घ्यावीत. पुढचा जाणकार ग्राहक सर्वांत आधी हाच कागद मागेल.